पायानं अधू पिल्लू सांभाळायचंय? मग आधी एवढं तयार ठेवा

चैत्रात खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली होती, एकविसाव्या दिवशी नऊ फुटली, आणि सगळ्यात शेवटी निघालेल्या पिल्लाचे दोन्ही पाय दोन बाजूला फाकलेले. उठायला बघायचं आणि छातीवर पडायचं, परत उठायचं, परत पडायचं. आज्जी म्हणली ठेवू नको बाई, असलं जगत नसतंय. ते जगलं. तिचं नाव मैना, आता दीड वर्षाची झालीय, एक पाय अजून तिरकाच आहे पण अंगणभर फिरती. तेव्हा माझ्याकडं काहीच तयार नव्हतं, चिकटपट्टी आणि डॉक्टर शोधण्यातच अख्खा दिवस गेला आणि असल्या पिल्लाला पहिला दिवस लई महत्त्वाचा असतो, म्हणून सगळं एका जागी लिहायले.

सामानाच्या आधी घरातल्यांशी बोलून घ्या. लंगडी कोंबडी पहिली कापायची ही आपल्याकडची रीत, आणि आखाडात पाहुणे आले की कुणीतरी सहज म्हणून जातं, त्या लंगडीचं काय करायलात. तेव्हा ही कापायची नाही, विकायची नाही, हे सगळ्यांसमोर आधीच ठरलेलं पाहिजे, नाहीतर तुम्ही महिनाभर मालिश करताल आणि एक दिवस बाजारातून घरी येऊन बघताल तर पिल्लू नाही.

दुसरं, कोंबडी दिवसभरात पायानं काय काय करती ते एकदा बघत बसा. ऊन आलं की सावलीला जाती, तहान लागली की पाण्यापाशी जाती, घाण झाली की उठून दुसरीकडं बसती, उकरून उकरून नखं झिजवती, बोका दिसला की पळती. ही सगळी कामं आता तुमच्या हातावर येणारयत, रोज, आणि पुढची सगळी यादी ह्याच कामांची आहे.

पहिली तयारी खालच्या जमिनीची. खोक्यात पेपर अंथरायचा नाही, अजिबात नाही. पेपर गुळगुळीत असतो, पिल्लाचे पाय घसरतात, आणि कित्येक वेळा चांगल्या पिल्लाचे पाय सुद्धा त्यामुळंच फाकतात. जुना टॉवेल घ्या, नाहीतर कपाटाच्या कप्प्यात टाकायची रबरी जाळी मिळते ती. पोतं टाकलं तर त्याचे निघालेले दोरे कापून टाका, नखात गुंतले की पाय ओढला जातो. पहिल्या आठवड्यानंतर साळीचा किंवा लाकडाचा भुसा चालतो पण कोरडा पाहिजे, बुरशी आलेला नको, फुफ्फुसाला लागतो. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडं पैशाला पासरी, पण ते टोचतं, बसून राहणाऱ्या पिल्लाच्या छातीखाली टाकू नका.

आता पायाला नक्की काय झालंय ते ओळखायचं, कारण इलाज वेगवेगळा आहे. दोन्ही पाय बाजूला फाकलेत आणि पिल्लू एक-दोन दिवसांचं आहे, तर सगळ्यात सोपं. जखमेला लावायची साधी पट्टी उभी कापून निम्मी करा, मधली गादी दोन पायांच्या मधे येऊ द्या आणि चिकट टोकं दोन्ही नळ्यांना, पंजाच्या वर, गुंडाळा. पिल्लू नीट उभं राहिलं तर पायात जेवढं अंतर असतं तेवढंच ठेवायचं, साधारण एक इंच, पाय एकमेकाला चिकटवायचे नाहीत. पंजा सुजला किंवा गार पडला तर पट्टी घट्ट झालीय, लगेच सोडा. रोज बघायचं, चार-पाच दिवसात बऱ्याच पिल्लांना फरक पडतो. पण हे पहिल्या आठवड्यातच होतं, हाडं टणक झाली की पट्टीनं काही होत नाही. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावली, सकाळी लावली असती तर तो एक पाय पण सरळ झाला असता असं मला अजून वाटतं.

बोटं आत मुडपलेली असतील आणि पिल्लू घोट्यावर बसून चालत असेल तर बऱ्याचदा बी-दोन जीवनसत्त्वाची कमतरता असते. लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून पंजाएवढा बूट करा, बोटं सरळ पसरून वर मायक्रोपोर टेप लावा, दोन-तीन दिवस ठेवा. सोबत बी-कॉम्प्लेक्सचे थेंब, किती ते डॉक्टरला विचारून, आणि खायला उकडलेल्या अंड्याचा बलक, बारीक चिरलेला लसूण घास, म्हणजे जनावराचा हिरवा चारा, लसूण नव्हे. तिसरा प्रकार म्हणजे घोट्याचा सांधा सुजलेला आणि पाय बाजूला पिळलेला. ह्यात सांध्यावरची शीर जागेवरून सरकलेली असू शकते, नुसत्या मक्याच्या भरड्यावर वाढवलेल्या पिल्लात हे जास्त होतं कारण मक्यात मँगनीज कमी असतं. ह्याला घरी ओढून बसवायला जाऊ नका, त्याच दिवशी दवाखान्यात.

आणि पिल्लू दोन-तीन महिने चांगलं चालत होतं आणि मग अचानक एक पाय पुढं एक मागं करून पडलं, तर ते मॅरेक्स असू शकतं. हा विषाणूचा आजार, त्याला औषध नाही, लस अंड्यातून निघाल्या दिवशीच द्यायची असते, हॅचरीत देतात पण आपल्या घरी बसवलेल्या गावरान पिल्लाला कुणी देत नाही. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, पण पाय लुळे पडतात. म्हणून मोठेपणी आलेला लंगडेपणा दिसला की आधी बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळं ठेवायचं, मग डॉक्टरला दाखवायचं. मानमोडीची लस मात्र चुकवू नका, लासोटा, पहिल्या आठवड्यातच. बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची असते, बर्फात आणावी लागते आणि कालवली की लगेच संपवावी लागते, तेव्हा एका पिल्लासाठी भांडत बसण्यापेक्षा गल्लीतल्या कोंबड्यावाल्यांना गोळा करून एकच दिवस धरा.

डॉक्टरचा पत्ता आधी काढून ठेवा. तालुक्याच्या जनावराच्या दवाखान्यात गाई-म्हशीची गर्दी असती, एक पिल्लू घेऊन गेलं की काही जण हसतात, मला हसले होते, पण नेटानं उभं राहिलं की बघतात. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, अवघड पाय असला तर तिकडं न्या. १९६२ हा फिरत्या दवाखान्याचा नंबर मोबाईलमधे टाकून ठेवा. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या तुकडा करून देऊ नका, आणि अँटिबायोटिक दिलं असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते डॉक्टरलाच विचारा.

ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लापाशी ३५ अंश पाहिजे, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. साध्या पिल्लाला गरम झालं तर ते बल्बपासून लांब जातं, तुमचं जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर ठेवा आणि बल्ब खोक्याच्या पुठ्ठ्याला टेकू देऊ नका. आपल्याकडं एप्रिलमधे पत्र्याच्या खोलीत दुपारी तसंच चाळीस होतं, तेव्हा बल्ब बंद, पहाटे परत चालू. लोडशेडिंगसाठी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तयार पाहिजे.

उन्हाळ्याची तयारी वेगळी करावी लागते. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून लांब धरते, एवढंच तिच्या हातात. मे महिन्यात सकाळी सावली होती म्हणून मैनाला भिंतीकडं ठेवलं आणि सावली सरकली, तासाभरात ती मान टाकून पडली होती. गार माठातलं पाणी पायाला लावलं, चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडलं, तेव्हा उठली. त्या दिवसापासून ती दुपारी घरातच. पाणी कधीही घशात ओतायचं नाही, श्वासनळीत जातं. भांडं उथळ, आत चार स्वच्छ खडे, म्हणजे लहानपणी तोल जाऊन बुडत नाही, आणि दाणा-पाणी दोन्ही मान लांबवली की मिळेल एवढं जवळ.

बसून राहणाऱ्या कोंबडीला सगळ्यात वाईट काय तर छातीच्या हाडावरची जखम. ह्याला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती चुंबळ. डोक्यावर घागर ठेवायला बायका करतात तीच, जुन्या सुती लुगड्याची, जरा मोठी आणि मऊ. मधल्या पोकळीवर छातीचं हाड आलं की वजन कडेच्या मासावर पडतं. अशा तीन चुंबळी करा, एक खाली, एक धुण्यात, एक वाळत. दर दोन-तीन तासाला बाजू बदलायची. दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास झोळी, जुन्या बनियनला पायासाठी दोन आणि विष्ठेसाठी एक भोक पाडून टोपल्याच्या काठाला बांधायची, पंजे जमिनीला जेमतेम टेकले पाहिजेत. मोठी झाल्यावर हीच झोळी अर्ध्या इंची पीव्हीसी पाईपच्या चौकटीला बांधता येते, प्लंबरकडं तुकडे पडलेले असतात.

पावसाळ्यात माश्या. शेपटाखालची पिसं कापून बारीक ठेवा, रोज कोमट पाण्यानं पुसून पूर्ण कोरडं करा, कारण ओल्या घाणीवर माशीनं अंडी घातली की दिवसात आळ्या पडतात. राख आणि बारीक मातीचं घमेलं पण लागतं, साध्या कोंबड्या स्वतः लोळतात, हिला तुम्ही हातानं चोळायचं, नाहीतर उवा होतात. नखं महिन्याला बघायची, टोक तेवढंच कापायचं, रक्त आलं तर मक्याचं पीठ दाबून धरायचं.

खाण्यात पहिले दोन महिने चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, साधारण २० टक्के प्रोटीनचं. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य पिल्लाला देऊ नका, त्यात कॅल्शियम जास्त असतं. मोठेपणी ज्वारी मापातच, वजन वाढलं की अधू पायावरच भार येतो, म्हणून घरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करून वहीत लिहा. बाजारातलं ब्रॉयलर पिल्लू असेल तर ही वही लईच महत्त्वाची, ते सहा आठवड्यात दोन किलोचं होतं आणि पाय तेवढे तयार नसतात.

एकटं ठेवू नका. आईखाली सोडलं तर ती उकरताना पायानं उडवून देते, आणि बाकीची पिल्लं पडलेल्याला टोचतात, म्हणून एक शांत पिल्लू सोबतीला आणि मधे जाळी असलेलं डालगं, म्हणजे कळप दिसतो, ऐकू येतो. बसायला उंच काठी नको, अंडं घालायची जागा जमिनीलगत. नवीन कोंबडी आणली तर महिनाभर वेगळी. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता, तेव्हापासून मी बाजारातून आले की चप्पल बाहेर काढते.

एक गोष्ट बोलायला जड जाते पण तीही आधीच ठरवून ठेवा. दाणा सोडला, जखम भरत नाही, हात लावला की कळवळते, असं झालं तर किती दिवस वाट बघायची आणि कोणत्या डॉक्टरकडून तिला शांतपणे जाऊ द्यायचं. मैनाच्या वेळी अशी वेळ आली नाही, पण दुसऱ्या एका पिल्लाच्या वेळी आली होती आणि मी ठरवायला चार दिवस जास्त लावले, ते चार दिवस त्यानं काढले.

शेवटी बदलीचं माणूस. लग्नसराईत दोन दिवस बाहेर जावंच लागतं, तेव्हा शेजारच्या एका काकूला आधीच बोलवून सगळं करायला लावा, आणि तुम्ही नुसतं बघा. उचलायचं कसं ते पहिलं शिकवा. आपल्याकडं पंख धरून नाहीतर पाय धरून उलटी उचलायची सवय आहे, हिला छातीखाली एक हात, पाय बोटांच्या मधे सैल, दुसरा हात पंखावर, अंगाला टेकवून. आमच्या काकूला जमेपर्यंत तीन दिवस गेले, आता त्यांच्या हातात मैना डोळे मिटून बसती.