नदीपलीकडची दारं: अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्यांदाच स्वयंसेवक होणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास मराठी माणसं भरपूर आहेत, पण अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आमच्या राज्याचा कौल कोणाला, याची कोणाला फारशी उत्सुकता नसते. १९९२पासून इथे डेमोक्रॅटिक उमेदवारच जिंकत आला आहे. म्हणून इथला ज्याला काही करायचं असतं, तो डेलावेअर नदी ओलांडून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जातो, कारण तिथला कौल कोणत्याही बाजूला जाऊ शकतो. २०२० आणि २०२४ अशा दोन्ही निवडणुकांत मी तिथल्या बक्स काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) डेमोक्रॅटिक पक्षाचं काम केलं. पुढे लिहिलंय त्यातलं बरंचसं रिपब्लिकन पक्षासाठी फिरणाऱ्यालाही तितकंच उपयोगी पडेल.

आधी कागदपत्रांचं बोलू, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तरी बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. देणगी मात्र एक डॉलरचीही देता येत नाही, आणि प्रचाराच्या निर्णयांत भाग घेता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, मत देता येत नाही. गर्दीत कोणी उत्साहाने मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला तर नागरिक नसलेल्याने त्यावर सही करू नये. ती सही पुढे नागरिकत्वाच्या आड येऊ शकते, प्रसंगी देश सोडायची वेळ आणू शकते.

आता काम. नवीन आलेल्यांना वाटतं, आपण दारोदार जाऊन विरोधकांची मतं फिरवणार. तसं जवळपास कधीच घडत नाही, आणि पक्षही त्यासाठी तुम्हाला पाठवत नाही. तुम्हाला मिळते ती यादी निवडक असते. कोण मतदार आहे, कोणत्या पक्षात नोंदलेला आहे, मागच्या निवडणुकांत मतदानाला गेला की नाही, हे सगळं पेनसिल्व्हेनियात पक्षांना अधिकृतपणे मिळतं. मत कोणाला दिलं ते अर्थातच गुप्त. या माहितीवरून आपल्याकडे झुकणारी पण मतदानाला हमखास न जाणारी माणसं निवडली जातात. त्यांना बाहेर काढणं, एवढंच आपलं काम. महाराष्ट्रात बूथवरचा कार्यकर्ता मतदारांच्या चिठ्ठ्या घरोघरी पोहोचवतो, त्याच्याशी याचं नातं फार जवळचं आहे. सभा आणि घोषणा यांच्याशी फार थोडं.

दारं ठोठावायच्या भागाला इथे ‘टर्फ’ म्हणतात. मिनिव्हॅन नावाच्या अ‍ॅपवर नकाशा, घरं आणि माणसांची नावं येतात. शक्यतो दोघांनी जावं. बेल वाजवली की दोन पावलं मागे सरकून, चेहरा नीट दिसेल असं उभं राहावं. बहुतेक दारं उघडतच नाहीत, त्याचं मनाला लावून घेऊ नये. उघडलं तर आधी आपलं नाव सांगायचं, मग प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. बक्स काउंटीतल्या लेव्हिटाउनमधल्या एका आजींनी मला औषधांच्या किमती, मुलाची नोकरी, गल्लीतले खड्डे असं सगळं ऐकवलं आणि शेवटी विचारलं, “माझं मतदान केंद्र बदललंय का गं?” तिथेच उभ्या उभ्या फोनवर शोधून सांगितलं. माझ्या मते त्या दुपारचं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं. बोलणं संपलं की एक ते पाच अशी नोंद करायची: एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधक. नोंद खरी करा. कोणाला खूश करायला सगळीकडे ‘एक’ टाकलात, तर शेवटच्या आठवड्यात दुसरा स्वयंसेवक भलत्याच दारात उभा राहतो.

पत्रक दाराच्या कडीला अडकवावं, टपालपेटीत टाकू नये. टपालाचं तिकीट नसलेला कागद त्या पेटीत टाकणं केंद्रीय कायद्याने मना आहे.

पेनसिल्व्हेनियात सगळ्यात जास्त वेळ टपाली मतपत्रिका समजावण्यात जातो. मतपत्रिका आधी आतल्या कोऱ्या पाकिटात घालायची, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर सही व तारीख. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद. शिवाय ती मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत काउंटीच्या निवडणूक कार्यालयात पोहोचावी लागते. त्या दिवशी पोस्टात टाकून उपयोग नाही. मतदाराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे समजावायची तयारी ठेवा, पण त्याच्या मतपत्रिकेला हात लावू नका. पेनसिल्व्हेनियात सर्वसाधारणपणे ज्याची मतपत्रिका त्यानेच द्यायची असते.

हे इतकं बारीक का सांगते? २०२४ साली बक्स काउंटीत चार लाखांच्या आसपास मतं पडली, आणि ट्रम्प तिथे तीनशेपेक्षाही कमी मतांनी पुढे राहिले. राज्याचा निकाल एका काउंटीने ठरला नाही, राज्यातला फरक लाखाच्या वर होता. तरी तो आकडा मला आजही बोचतो. तीनशे मतं म्हणजे काही गल्ल्याच.

आपल्या मंडळांविषयी एक कळकळीची विनंती. बहुतेक महाराष्ट्र मंडळं आणि मंदिरं करमुक्त संस्था आहेत, त्यांना कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. गणपतीच्या मंडपात माइकवरून आवाहन नको, मंडळाच्या ईमेल यादीवर पत्रक नको. मैत्रिणींना घरी चहाला बोलवा, तिथे मोकळेपणाने बोला. मतदार नोंदणीची निःपक्षपाती माहिती मात्र मंडळ देऊ शकतं, ती जरूर द्यावी.

गाडी नसेल, चालणं जमत नसेल, तर घरून मतदारांना फोन करा. तेलुगू, गुजराती, हिंदी बोलणाऱ्यांची बक्स काउंटीतल्याच बेन्सेलमच्या बाजूला फार गरज असते.

मतदानाच्या दिवशी केंद्रं सकाळी सात ते रात्री आठ उघडी असतात. प्रचार करणाऱ्याने मतदानाच्या खोलीपासून किमान दहा फूट लांब राहायचं. पाणी, गरम कपडे आणि फोनचा चार्जर जवळ ठेवा. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं येतात, रांग वाढते, कोणी घड्याळ बघून परत फिरू लागतं. आठ वाजता जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं. हे रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत जाऊन, दोन्ही पक्षांच्या मतदारांना, स्पष्ट सांगा.