फ्रेम आधी उलटी करून बघा

आमच्या बेळगावात माणूस फ्रेमवाल्याकडे जातो तो बहुतेक तीनच कारणांनी. घरात कुणी वारलेलं असतं, कुणाचं लग्न झालेलं असतं, नाहीतर पोराला बक्षीस मिळालेलं असतं. तिन्ही वेळा घाई. बाराव्याच्या आत फोटो भिंतीवर लागला पाहिजे, मग पट्टीचा रंग बघायचा, सोनेरी की कॉफी एवढं ठरवायचं आणि पैसे देऊन बाहेर पडायचं. मी शाळेत चित्रकला शिकवली. मुलांची चित्रं, घरचे देव आणि सासरचे पूर्वज असं सगळं फ्रेम करून घेण्यात बरीच वर्षं गेली. दुकानात गेल्यावर मी पहिल्यांदा भिंतीवरचा नमुना काढून घेते आणि उलटा करते.

पुढून पॉलिश सगळ्यांचंच चकचकीत असतं. मागे मात्र लाकूड उघडं असतं, आणि पट्टीच्या कापलेल्या टोकाला तर काहीच लपत नाही. खऱ्या लाकडाच्या टोकाला वाढीच्या रेषा दिसतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तिचं टोक सगळीकडे सारखंच तपकिरी. फायबरची पट्टी हातात घेतली की हलकी लागते आणि नखाने दाबली की खळगा पडतो. वजनावर मात्र विसंबू नका, कारण एमडीएफ जवळजवळ सागवानाइतकंच भरतं. पाइनच्या पट्टीत नागमोडी सांधे दिसले तर घाबरायचं कारण नाही. लहान तुकडे जोडून केलेली ती पट्टी सरळ राहते. रंग देऊन वापरायची असेल तर चांगलीच, फक्त सागवानाच्या दराने घेऊ नये.

सागवान म्हटलं की दुकानदार दांडेलीचं नाव घेतो. घेऊ दे. आपण रंग बघायचा. गाभ्याचं लाकूड सोनेरी-तपकिरी असतं, हाताला किंचित तेलकट लागतं, आणि त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. सालीजवळच्या पांढुरक्या भागाला ती खुशाल लागते. पॉलिशमध्ये रंग मिसळून तो भाग झाकतात, म्हणून पुन्हा तेच सांगते, मागून बघा. आमच्याकडे अजून एक सोय आहे. जुनी कौलारू घरं पाडली की तुळया आणि दारांच्या चौकटी वखारीत विकायला येतात. त्या लाकडातून पट्टी काढून घेतली तर खिळ्यांची भोकं दिसतील, पण लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं असतं. आजोबांच्या फोटोला मी तीच पट्टी निवडेन.

वाळण्याचं एवढं का सांगते, तर आपला जिल्हाच तसा आहे. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांनाही वास येतो, आणि अथणीकडे उन्हाळ्यात ओठ फुटतात. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पावसात आकसत नाही, फुगतं. उन्हात उलटं होतं. त्यामुळे ४५ अंशात कापून जोडलेला कोपरा कुठून उघडला यावरून कारण कळतं. फट आतल्या बाजूला, म्हणजे चित्राकडे पडली तर लाकूड ओलं होतं आणि नंतर आकसलं. बाहेरच्या टोकाला उघडली तर दमटपणाने फुगलं. पट्टी जितकी रुंद तितकी फट मोठी. म्हणून अर्ध्या-पाऊण इंचाच्या पट्टीचे कोपरे वर्षानुवर्षं मिटलेले राहतात, आणि दिवाणखान्यातली तीन इंची नक्षीची पट्टी दोन उन्हाळ्यांत तोंड उघडते.

माझे नेहमीचे फ्रेमवाले मामा जुलैमध्ये रुंद सागवानी पट्टीचं काम घेतच नाहीत. "टीचर, करून देतो की, खरं दिवाळीला परत घेऊन याल. त्यापेक्षा पाऊस सरल्यावर या." असा माणूस मिळाला तर दोन रुपये जास्त गेले तरी सोडू नका.

कोपरा तपासायची रीत सोपी आहे. समोरासमोरचे दोन कोपरे हातात धरून हलकं पिळायचं. कुरकुर ऐकू आली तर आत नुसता खिळा आहे, डिंक नाही. सांध्यावरून अंगठा फिरवा. एक बाजू वर लागत असेल किंवा फटीत रंगीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली दिसली तर दुसरी फ्रेम मागा.

आता हिशेब. पट्टीचा दर फुटावर असतो आणि इथे गिऱ्हाईक गोंधळतं. १२ बाय १८ इंचाच्या फोटोचा घेर ६० इंच, म्हणजे पाच फूट. पण पट्टी दोन इंच रुंद असेल तर बाहेरचं माप १६ बाय २२ होतं आणि घेर ७६ इंच, म्हणजे सव्वासहा फुटांच्या वर. दुकानदार लुबाडत नसतो, कोपऱ्यांना तेवढी पट्टी लागतेच. विचारायचं ते वेगळंच: या दरात काच, माउंट (फोटो आणि काचेच्या मध्ये घालायची पुठ्ठ्याची चौकट), मागचा बोर्ड आणि हुक धरलेत का? तयार फ्रेम घेणार असाल तर लक्षात ठेवा, ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो, तो ८ बाय १० च्या फ्रेममध्ये बसत नाही. मग कुणीतरी कात्री काढतं. जुन्या रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी किंवा सरस्वती घरात असेल तर कात्री लांब ठेवा. तो छापखाना १८९४ सालचा, आणि चित्राखालच्या कडेला छापलेली अक्षरंच त्याची ओळख. फ्रेम चित्राच्या मापाची करायची.

काचेला फोटो टेकू देऊ नका, आपल्या हवेत तर अजिबात नको. पावसाळ्यात तो काचेला चिकटतो आणि सोडवायला गेलं की चेहऱ्याचा रंग काचेवर राहतो. मध्ये माउंट घाला, तोही आम्लमुक्त मागा. साध्या पुठ्ठ्याने कडेला पिवळी रेघ उमटते. फोटो मागच्या बोर्डाला फेविकॉलने चिकटवायला निघाले तर हात धरा, वरच्या कडेला चिकटपट्टीचे दोन तुकडे पुरतात. देवाच्या फ्रेमला हार, कुंकू आणि समईची काजळी सोसायची असते, तिथे सोनेरी वर्ख नको. साधी पट्टी, पुसता येईल असं पॉलिश.

काच दोन मिलिमीटरची पुरते. २४ बाय ३६ इंचाला तिचंच वजन पावणेतीन किलोच्या आसपास जातं, तीन मिलिमीटरची घेतली तर चार किलोंच्या वर. मंडळासाठी शिवाजी महाराजांची मोठी तसबीर करताना म्हणूनच मी अ‍ॅक्रिलिक सांगते. मिरवणुकीत फुटत नाही आणि वजन निम्म्यावर येतं. फक्त कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात.

टांगताना वरून साधारण एक तृतीयांशावर दोन्ही बाजूंना कड्या आणि मध्ये तार. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावून घ्या, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. जुन्या मातीच्या भिंतीतून वाळवी चढते ती भिंतीला टेकलेल्या फ्रेमवरच आधी. पश्चिमेकडची, पावसाची झड लागणारी भिंत टाळा. दसऱ्याच्या साफसफाईत सगळ्या फ्रेमा खाली निघतातच, तेव्हा मागचा तपकिरी कागद सुटलाय का तेवढं बघून घ्या. सुटला असेल तर नवी चिकटपट्टी लावायला पाच मिनिटं लागतात.