गाडीच्या एसीची वायर घरी सोल्डर करताय? मग या चुका टाळा

मार्च लागला की इकडे अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत एकच तक्रार ऐकू येते, भाऊ ब्लोअर चालते पण हवा गरमच येते. मग लोकं थेट तालुक्याला जाऊन गॅस भरून आणतात, अन् दोष निघतो उंदरानं कुरतडलेल्या दोन वायरींचा. आपल्याकडे गाडी उभी असते कोठ्याशेजारी नाहीतर कुटाराच्या आडोशाला, हिवाळाभर उंदीर इंजिनच्या ऊबेला येऊन बसतात, अन् थंडीत एसी कोणी लावतच नाही म्हणून वायर डिसेंबरात तुटलेली असली तरी समजतं मार्चमध्ये.

अशी वायर घरी जोडता येते, मी बरीच वर्षं जोडतो. पण सगळ्यात मोठी चूक सोल्डर मारण्यात होत नाही, त्याच्या आधीच होते. दोष कुठं आहे हे न पाहता लोकं दिसेल ती वायर सोलतात. आधी इंजिन चालू करून एसी लावा अन् कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा भाग) बसल्याचा टक्‌ आवाज येतो का ऐका (काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतोच, तिथं ही खूण चालत नाही). आवाज नाही आला तर पहिले फ्यूज पाहा, मग रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तोच काढून एसीच्या जागी लावून पाहा, दोन मिनिटांत समजते. त्यानंतर मल्टिमीटर. क्लचच्या कनेक्टरवर 12 व्होल्टच्या वर व्होल्टेज येतंय अन् तरी क्लच बसत नाही, म्हणजे दोष क्लच ओढणाऱ्या कॉइलमध्ये नाहीतर तिच्या अर्थिंगमध्ये. चांगल्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण 3 ते 5 ओम दाखवतो. करंट पोचतच नसेल तरच मागची वायर शोधत जा. अन् ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर बहुतेक वेळा वायर नाही, ब्लोअरचा रेझिस्टर गेलेला असतो, तो बदलायचा.

इथंच एक जीवघेणा शॉर्टकट लोकं मारतात, प्रेशर स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून देतात. एसी चालू होतो अन् वाटतं काम झालं. पण तो स्विच गॅस कमी असला की कॉम्प्रेसर बंद ठेवतो, कारण कॉम्प्रेसरचं ऑइल गॅससोबतच फिरतं, गॅस नाही तर ऑइल नाही, अन् मग कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम होतो. 20 रुपयांच्या कामापायी हजारोंचा पार्ट जातो. तसंच फ्यूजचं, 10 अँपियरचा वारंवार उडतो म्हणून 30 चा बसवायचा नाही, मग फ्यूजच्या जागी वायर जळते.

काम सुरू करण्याआधी दहाचा पाना घेऊन बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा, पहिले मायनसच. डॅशबोर्डखाली पिवळं कव्हर किंवा पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं, त्याला हात लावू नका अन् मीटरही लावू नका. गॅसच्या पाइपाजवळ तर सोल्डरिंग आयर्न किंवा लायटर नेऊच नका, तो गॅस तापला की त्यातून विषारी वाफ निघते.

आता सोल्डर. रेडिएटरवाल्याकडचं ॲसिड किंवा पत्र्याच्या कामाचं फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावतात ते) वायरीला लावू नका, जोड तेव्हा छान बसतो पण उरलेलं ॲसिड तांबं आतून खात राहतं अन् पावसाळ्यात वायर हिरवी होऊन तुटते. आत राळ असलेली इलेक्ट्रॉनिक्सची सोल्डर वायर घ्या. तांबं आधीच हिरवं-काळं पडलं असेल तर सोल्डर धरत नाही, चमकदार तांबं लागेपर्यंत मागं कापत जा अन् कमी पडली तर तेवढ्याच जाडीच्या गाडीच्या वायरीचा तुकडा टाका, घरातल्या फिटिंगची एकतारी वायर चालत नाही. आयर्न वायरीला खालून टेकवा अन् सोल्डर वरून वायरीलाच लावा, आयर्नच्या टोकावर वितळवून थापू नका. 60-40 चं सोल्डर 190 डिग्रीच्या आत वितळतं, वायर तेवढी तापली की ते आपोआप तारांमध्ये उतरतं. वर गोळा बसला अन् तो मळकट दाण्यादाण्याचा दिसला तर जोड कच्चा आहे. कूलरच्या वाऱ्यात बसून 25 वॉटच्या आयर्ननं जाड वायर तापतच नाही, आडोशाला बसा, पण धूर नाकात जाईल इतकं कोंडून नको, अन् सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून हात धुतल्याशिवाय खर्रा-जेवण काही नाही.

चार वर्षांआधी काकाजींच्या गाडीत मी एकदम सुरेख जोड मारला होता, पण कॉम्प्रेसरपाशी वायर जिथं वळते नेमका तिथंच. महिनाभरात एसी परत बंद, अन् जोड तसाच शाबूत, त्याच्या काठावर वायर तुटलेली. सोल्डर तारांमध्ये जिथवर शिरतं तिथवर वायर कडक होते, इंजिनच्या थरथरीनं अन् आपल्या शेतरस्त्यांनी ती त्या काठावरच मोडते. म्हणून जोड सरळ भागात घ्या अन् दोन्ही बाजूंनी केबल टायनं बांधा. इंजिनवर जी वायर सारखी हलते तिथं मी आता सोल्डर करतच नाही, क्रिंप करतो, म्हणजे धातूची नळी घालून चांगल्या क्रिंपिंग पकडीनं दाबतो, कंपनीचेही जोड बहुतेक तसेच असतात.

तीन-चार वायरी तुटल्या असतील तर सगळे जोड एकाच जागी घेऊ नका, दोन-दोन बोटं मागंपुढं घ्या. हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून बसणारी नळी) जोडण्याआधीच वायरीत ओवून दूर सरकवा, नंतर ती जात नाही अन् मग माणूस काळी टेप गुंडाळतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, बोनेटखाली त्या टेपचा गोंद पाघळून टेप उकलते, जोड उघडा पडतो.

शेवटी मीटर बीप वाजला म्हणून बोनेट लावू नका, एक तार टिकली असली तरी बीप वाजतो. एसी पूर्ण चालू ठेवून, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंना पिना टोचा, 0.2 व्होल्टच्या वर दाखवलं तर जोड कापून परत करा. टोचलेली भोकं स्लीव्हनं झाकून घ्या.