नऊ खण, बारा दिवे

नाटकाची प्रकाशयोजना करताना दिवे मोजण्याआधी जागा मोजा. प्रयोग सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात असो की शाळेच्या सभागृहात, मंचावर खडूने नऊ खण पाडा: आडवे तीन, उभे तीन. प्रेक्षकांकडची ओळ डाऊन, मागची अप, मधली सेंटर. उजवं-डावं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचं. दिग्दर्शक समोर खुर्चीत बसून 'उजवीकडे' म्हणतो आणि लाइटवाला उलट्या बाजूचा दिवा फिरवतो, हा घोळ प्रत्येक तालमीत होतो. म्हणून 'डाऊन लेफ्ट', 'अप सेंटर' एवढंच बोला आणि खणांना 1 ते 9 आकडे द्या.

चेहऱ्यासाठी एका खणाला दोन दिवे लागतात, समोरून डावीकडून एक आणि उजवीकडून एक. दोन्ही साधारण 45 अंशांवर, उंचीचा कोनही तेवढाच. बार (दिवे टांगायचा आडवा पाइप) 6 मीटरवर आणि चेहरा दीड मीटरवर धरला, तर दिवा नटापासून जमिनीवर 4.5 मीटर लांब हवा, म्हणजे सुमारे 3.2 मीटर पुढे आणि तितकाच बाजूला. त्यामुळे मंचावरचा पहिला बार मधल्या ओळीला चालतो, डाऊनच्या ओळीला नाही. तिथे उजेड प्रेक्षागृहातल्या बारवरूनच यायला हवा. तसा बार नसेल तर सभागृहाच्या दोन्ही भिंतींशी उंच स्टँड उभे करा. दिवा फार डोक्यावर आला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डोक्यावरून पदर घेतलेल्या पात्राचा तर अर्धा चेहराच जातो. अगदी समोरून मारला तर चेहरा सपाट दिसतो आणि सावली मागच्या पडद्यावर चढते.

दिवे कमी असतील तर डाऊन आणि सेंटरचे सहा खण नीट करा. बारा दिवे पुरतात. अपच्या ओळीत सहसा कमी संवाद असतात. एका बाजूला फिकट अंबर, दुसरीकडे फिकट निळा जिलेटीन (दिव्यासमोरचा रंगीत पारदर्शक कागद) लावला की चेहऱ्याला उठाव येतो. दोन दिवे उरले तर ते मागच्या बारवर न्या. खांद्यांवर उजेडाची कड आली की माणूस पडद्यापासून सुटा दिसतो.

सर्वात जास्त चुकतं ते फोकसिंग. जमिनीवरचं वर्तुळ खडूच्या खणात नेमकं बसवलं की काम झालं असं वाटतं, पण उजेड तिरका येतो, म्हणून वर्तुळ खणात आणि चेहरा अंधारात. 45 अंशांवर वर्तुळाचा मध्य माणसाच्या दीड मीटर मागे पडायला हवा. खणाच्या मध्यावर माणूस उभा करा, फक्त तोच दिवा लावा आणि सर्वात प्रखर भाग नाकावर येईपर्यंत दिवा फिरवा. शेजारच्या खणांचे उजेड एकमेकांवर चढलेच पाहिजेत. मग सगळे दिवे लावून एकाला डाऊन राइटपासून डाऊन लेफ्टपर्यंत सावकाश चालवा. चेहरा जिथे मंदावेल, तिथली फट तेव्हाच भरा.

हजार वॅटचा दिवा 230 व्होल्टला सुमारे 4.35 अँपिअर घेतो. डिमरच्या (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) 10 अँपिअरच्या एका चॅनलवर दोनच लावा, तिसऱ्याने फ्यूज जाईल. बारा दिवे विजेच्या तीन फेजवर चार-चार वाटा, म्हणजे प्रत्येक फेजवर साडेसतरा अँपिअरच्या आसपास. प्रत्येक दिव्याला सेफ्टी चेन हवीच; दिवा बारला धरणाऱ्या क्लॅम्पवर भरवसा ठेवू नका. हॅलोजनची काच उघड्या बोटांनी धरू नका, तेलकट डागाच्या जागी ती तापून फुटते.