शिळावर्तुळ कोणतं, खदानीचा दगड कोणता? जुनापाणीला जाऊन ओळखायची रीत

नागपूरहून काटोल रस्त्यानं निघालं की गिट्टीखदान ओलांडल्यावर थोड्याच वेळात जुनापाणी लागतं. इथं सुमारे ३०० शिळावर्तुळं, म्हणजे मोठ्या धोंड्यांची गोल कडी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांची ही दफनं. पण भोवतालचा मुलूख दगडाच्या खदानींचाही, त्यामुळे नवख्याला सगळे धोंडे सारखेच वाटतात.

१. डिसेंबर-जानेवारीत जा. ऊन सोसवतं, गवतही बसलेलं असतं. सकाळी लवकर किंवा चारनंतर पोहोचा.

२. निघण्याआधी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा. मोठी वर्तुळं त्यात दिसतात.

३. जागेवर एकेक दगड बघत बसू नका, आधी मांडणी बघा. धोंडे गोलाकार लावलेले, बुडाशी जमिनीत रुतलेले असतात आणि आत माती-गोट्यांची भर असते. भोवती एक पूर्ण फेरी मारा. शेतातून वेचून धुऱ्यावर टाकलेले दगड असे बसवलेले नसतात, ते नुसते पडलेले असतात.

४. आता धोंड्यांवरचे खळगे शोधा. माझ्या मते जुनापाणीला जायचं ते यासाठीच. तिरप्या उन्हात ते स्पष्ट उठून दिसतात: उथळ, वाटोळे, गुळगुळीत काठांचे, पुष्कळदा एका ओळीत कोरलेले. खदानीच्या दगडावरचं सुरुंगाचं भोक मात्र अरुंद, सरळ आणि खोल असतं. दगड फुटल्यावर त्याची अर्धी नळी कडेला उरते. एवढा फरक डोळ्यात बसला की सहसा चूक होत नाही. फोटोसाठी खळग्यांत खडू किंवा रंग मात्र भरू नका.

५. वेळ असेल तर पारशिवनी तालुक्यात नायकुंडला जा. तिथल्या उत्खननात याच काळातली लोखंड गाळायची भट्टी निघाली, म्हणजे या भागातला कारखानदारीचा इतिहास इंग्रजांच्या कितीतरी आधीचा आहे. तिथून पुढे मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीच्या मातीचे ढीग लांबून टेकाडासारखे दिसतात, पण त्यांना शिळांचं कडं नसतं. चालू खाणीत परवानगीशिवाय शिरू नका.

६. खापर, मणी, लोखंडाचा तुकडा दिसला तर हात न लावता फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, ठिकाण नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत मौल्यवान ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. धोंडा तर तसूभरही हलवू नका. खळग्यांच्या ओळी कोणत्या दिशेला रोखलेल्या आहेत याचा अभ्यास झालेला आहे, आणि दगड एकदा फिरला की ती दिशा पुन्हा मिळत नाही.