पाणी ओसरलं की आधी वही काढा

साकीनाक्याच्या एका कंपनीत निवृत्त होईपर्यंत मी स्टोअर सांभाळलं. माल आला की रजिस्टरला चढणार, गेला की सही होणार, ही सवय अंगात मुरली ती मुरलीच. त्यामुळे कुर्ल्याला आमच्या चाळीत पाणी भरून ओसरलं की बाकीचे खराटे शोधतात आणि मी वही शोधते. सुरुवातीला पोरं हसायची. आता तीच विचारतात, "काकू, वही कुठाय?"

मिठी नदीच्या काठाला राहणाऱ्यांना पाणी भरण्याचं अप्रूप नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा झाला नव्हता. हे आकडे मी मुद्दाम सांगते. इकडे माणसं पोटमाळ्यावर बसून रात्र काढत होती आणि तिकडे साधा पाऊस होता. तुमच्या गल्लीत काय झालंय हे शहराला आपोआप कळत नाही, गल्लीलाच कळवावं लागतं. नुसतं "फार नुकसान झालं हो" म्हणून भागत नाही. किती खोल्या, कोण राहतं, काय गेलं, हे कागदावर असलं की समोरचा माणूसही पेन काढतो.

यादी कुठून आणायची

कोरी यादी करत बसू नका. गणपतीच्या वर्गणीची वही काढा. मतदार यादीत भाडोत्री नसतो, रेशन कार्डावर परवा आलेली सून नसते, पण वर्गणी मागताना आपण एकही दार सोडत नाही. शिवाय पाणी भरतं जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे मंडळाची माणसं तेव्हा कामाला लागलेलीच असतात.

तरी काही जण सुटतात. पोटमाळ्यावर दाटीवाटीनं राहणारी कारखान्यातली मुलं, जिन्याखाली दुकान मांडून तिथंच झोपणारा इस्त्रीवाला, मुलगा दुबईला असलेली एकटी आजी. प्रत्येक मजल्याला एक माणूस नेमा आणि त्यानं दार वाजवूनच यायचं. खोली एकाच्या नावावर आणि राहतो दुसराच, हे मुंबईत घरोघरी. अशा वेळी मदत राहणाऱ्याला, कारण भिजलंय त्याचं. हे पहिल्याच बैठकीत ठरवा आणि नोटीस बोर्डावर लावा. धान्य आल्यावर ठरवायला गेलात तर हमखास भांडण.

वहीत काय लिहायचं? माणसं किती, त्यात तान्हं, गरोदर, अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का. रोजच्या गोळ्या कोणाला लागतात, इन्सुलिन कोणाचं फ्रिजमध्ये होतं, डायलिसिसला कोण जातं. कागद कोणते भिजले. आणि एक रकाना लोक नेहमी विसरतात: पोट ज्यावर चालतं ते काय बुडालं. शिलाई मशीन, रिक्षा, वडापावची गाडी, पिको-फॉलचं सामान. हा रकाना महिन्याभरानं सगळ्यात जास्त कामाला येतो.

हात लावण्याआधी

वीज. मीटर बॉक्समध्ये पाणी गेलं असेल तर मेन स्विच बंदच ठेवायचा. वीज कंपनीचा माणूस बघून गेल्याशिवाय कोणीही शहाणपणा करून चालू करायचा नाही, मग मोबाइल चार्ज करायचे राहिले तरी चालतील. फ्रिज, मिक्सर, टीव्ही "वाळलाय वाटतं" म्हणून प्लगला लावू नका. गॅसचा वास आला तर १९०६, पडझड झाली किंवा झाकण वाहून गेलेलं मॅनहोल दिसलं तर महापालिकेचा १९१६. मॅनहोलजवळ काठीला लाल फडका बांधून माणूस उभा करा. पाण्यात बुडालेली रिक्षा किंवा स्कूटर सुरू करून बघायची नाही. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की इंजिन जातं, आणि त्या नुकसानीला साधा विमा बहुतेक वेळा नाही म्हणतो. आहे तशी उभी ठेवा, फोटो काढा, विमावाल्याला कळवा.

गच्चीवर पाणी चढवणारा पंपही लगेच सुरू करायचा नाही. जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलेलं असतं. एकदा बटण दाबलं की तेच पाणी वरच्या टाकीत आणि तिथून प्रत्येक मोरीत. खालची टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरनं धुऊन मगच पंप. तोवर टँकरचं पाणी, तेही उकळून.

आता फोटो. गाळ काढायची घाई सगळ्यांनाच असते, पण आधी फोटो. आमच्याकडे लहान मुलांची पाटी आहे, तीच वापरतो. पाटीवर खडूनं खोली नंबर, राहणाऱ्याचं नाव, तारीख. भिंतीवर पाण्याची जी तपकिरी रेघ उमटते तिथपर्यंत मोजपट्टी जमिनीपासून उभी धरायची. एका फोटोत पाटी, पट्टी, रेघ आणि घरातलं माणूस, चारही यायला हवेत. मग आत जाऊन कपाट, गादी, धान्याचे डबे यांचे वेगळे. एका मुलानं सगळ्या खोल्यांचे फोटो काढायचे आणि खोली नंबरप्रमाणे फोल्डर करायचे. प्रत्येकानं आपापले काढले तर निम्मे नुसत्या पाण्याचे निघतात.

हे सगळं पंचनाम्यासाठी. तलाठी फक्त गावाला असतो असं पुष्कळ मुंबईकरांना वाटतं. मुंबई उपनगर जिल्ह्यातही कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे तीन तालुके आहेत आणि पंचनामे तिथल्या तहसीलदारांच्या अखत्यारीत होतात. तलाठी आले की चाळीच्या वतीनं एकानंच वही घेऊन बरोबर फिरायचं. कुलूप असलेल्या खोल्या त्यांच्या लक्षात आणून द्यायच्या, नाहीतर नोकरीवर गेलेल्यांची नावं राहून जातात. पंचनाम्याची प्रत मागायला लाजू नका.

गाळ

गाळ ओला असतानाच काढायचा. वाळला की सिमेंटसारखा बसतो आणि मग लादीसकट उखडावा लागतो. आधी सगळ्यांनी मिळून वाट मोकळी करायची, मग म्हाताऱ्यांच्या आणि आजाऱ्यांच्या खोल्या, मग बाकीच्या. आपापली खोली आधी म्हटलं की तरण्या पोरांची घरं दुपारपर्यंत लख्ख होतात आणि कोपऱ्यातली आजी संध्याकाळपर्यंत चिखलात. खोलीत आतून दाराकडे ओढत यायचं. गाळ गटारात लोटू नका, पुढच्या सरीला तोच परत घरात येतो. गोणीत भरून एका जागी रचा आणि कचऱ्याच्या गाडीसाठी वॉर्ड ऑफिसला गोण्यांचा आकडा कळवा.

गादी, उशी, भिजलेलं धान्य, फुगलेलं प्लायवुड टाकूनच द्यायचं. बायकांचा जीव अडकतो, मला ठाऊक आहे, पण त्या कापसात गटार मुरलेलं असतं. स्टीलची भांडी, घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे धुऊन चालतात. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो.

पाण्यात उतरलेल्यांनी लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापापासून बचावाची, गोळी विचारायची. उंदराच्या लघवीतून पाण्यात आलेले जंतू पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात जातात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं प्रतिबंधक औषध घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. गरोदर बाई आणि लहान मूल यांना वेगळं औषध लागतं, म्हणून शेजारणीच्या गोळ्या वाटून घेऊ नका. आम्ही महापालिकेच्या दवाखान्यात वहीच घेऊन जातो: एवढे जण पाण्यात होते, एवढ्यांच्या पायाला जखम आहे. पुढचे तीन-चार आठवडे ताप, अंगदुखी किंवा लाल डोळे दिसले तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात होतो" हे पहिलं वाक्य.

चूल एक, भांडी दोघांची

स्वयंपाक एकत्र केला तर स्वस्त पडतो आणि कोण जेवलं नाही ते कळतं. मंडळाकडे मोठी पातेली असतात. आमच्या गल्लीत उंचावरची कोरडी जागा मशिदीची आहे आणि तिथली टाकीही वर आहे. तेव्हा भांडी मंडळाची, पाणी आणि ओटा मशिदीचा, आणि खिचडी सगळ्यांना चालेल अशी, म्हणजे मुगाची, बटाटा घालून. तुमच्याकडे गुरुद्वारा असेल, समाजमंदिर असेल, बुद्धविहार असेल. पाऊस सुरू व्हायच्या आधीच जाऊन बोलून ठेवा. चेहरा ओळखीचा असला की रात्री दोनला दार वाजवता येतं.

बाहेरून मदत येते तेव्हा दारात टेबल लावा. काय आलं, कोणाकडून, किती, आणि मग वाटपाची सही. येणाऱ्यांना आधीच यादी पाठवा, नाहीतर बिस्किटांचे पुडे येतात आणि सॅनिटरी पॅड येत नाहीत. जुने कपडे तर सरळ नको म्हणून सांगा. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा मंडळाची मुलं आणि आम्ही काही बायका तिकडे गेलो होतो. एका शाळेच्या ओट्यावर कपड्यांची रास पडलेली, वर पाऊस, खाली चिखल, आणि त्यात एक जरीची शेरवानी. पुरात घर गेलेल्या माणसानं शेरवानी घालून गाळ उपसायचा होता की काय! शेजारीच एक बाई विचारत होती, फावडं आहे का कोणाकडे. तेव्हापासून कोणाला मदत पाठवायची तर आम्ही फावडी, घमेली, खराटे, गमबूट, हातमोजे, टॉर्च आणि मेणबत्त्या पाठवतो.

भिजलेले कागद

चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, इस्त्री फिरवू नका, कडक उन्हात टाकू नका. गठ्ठा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून जिथं वीज आहे अशा ओळखीच्या घरी फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी थांबते. वेळ मिळेल तसा थोडा थोडा काढायचा, पानांमध्ये कोरे कागद घालायचे आणि पंख्याखाली वाळवायचा. फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ पाण्यात हलकेच सोडवा आणि चित्र वर करून पसरा. खराब झालेल्या नोटा बँकेच्या शाखेत नियमाप्रमाणे बदलून मिळतात.

गेलेच असतील तर पोलिसांत कागद गहाळ झाल्याची नोंद करून घ्या, पुढं जागोजागी तीच मागतात. रेशन कार्डासाठी शिधावाटप कार्यालय. दहावी-बारावीच्या मार्कशीटसाठी आधी शाळा किंवा कॉलेज, राज्य परीक्षा मंडळाचं (एसएससी बोर्डाचं) मुंबई विभागीय कार्यालय वाशीला आहे. एकेकट्यानं रजा टाकून जाण्यापेक्षा चाळीतल्या दोन सुशिक्षित मुलांनी सगळ्यांचे अर्ज भरून द्यावेत.

खिचडी बंद झाल्यावर

आठवडा-दहा दिवसांत फोटो काढणारे जातात, टेम्पो थांबतात. आता तो विसरलेला रकाना उघडा. शिलाई मशीन बुडालेल्या चार बायका असतील तर एकच मेकॅनिक बोलवा आणि भाव आधी ठरवा. फ्रिजचंही तसंच. आमच्या भिशीत अशा वेळी नंबर बाजूला ठेवतो आणि ज्याचा धंदा बंद पडलाय त्याला उचल आधी देतो. बाकीच्यांनी लेखी कबूल व्हायचं, तोंडी नाही. बचत गटाचं कर्ज असेल तर हप्ता थांबवायचा की अर्धा घ्यायचा हे बैठकीत ठरवा. दारात उभं राहून ठरवलं तर प्रत्येकाला वेगळं ठरतं. घराला रंग काढायची घाई करू नका, भिंत आतून ओली असते आणि दिवाळीपर्यंत पोपडे धरते. तो पैसा आधी रिक्षाला लावा.

हिशेब बिलांसकट बोर्डावर. उरलेल्या पैशातून आम्ही डिझेलचा छोटा पंप घेतला, कारण ऐन पावसात भाड्याचा पंप मिळत नाही. समुद्राच्या भरतीचं वेळापत्रक महापालिका पावसाळ्याआधी देते. त्यातले साडेचार मीटरच्या वरचे दिवस बोर्डावर लाल पेनानं लिहायचे आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी पंप चालवून बघायचा. किल्ली तळमजल्यावर ठेवू नका.