पेपर मारायचा ठोकळा: करवत हातात घेण्याआधी

दोन वर्षांपूर्वी घरच्या सागवानी देव्हाऱ्याचं जुनं पॉलिश काढायला घेतलं. पॉलिश पेपरची घडी बोटांखाली धरून तीन संध्याकाळी घासत बसलो. हात फिरवला की सगळं गुळगुळीत लागायचं. पॉलिशचा दुसरा हात वाळला, समई लावली, आणि तिच्या तिरक्या उजेडात बाजूच्या फळीवर बोटांच्या रुंदीचे चार उथळ चर दिसले. माझ्याच बोटांचे. अंगठ्याचं मूळ तर पुढे आठवडाभर ठणकत होतं. हात दुखणं आणि फळीवर चर पडणं ही दोन वेगळी दुखणी नाहीत, हे मला तेव्हा कळलं. अवघडलेला हात दाब सारखा देत नाही. जिथे बोटाचं हाड टेकतं तिथे लाकूड जास्त जातं. त्यामुळे घासताना पेपर ज्यावर गुंडाळायचा तो ठोकळा हाताला आरामाचा असणं ही चैन नव्हे, कामाची गरज आहे, आणि त्याची तयारी लाकडापासून नाही, हातापासून सुरू करायची.

म्हणून सगळ्यात आधी अर्धा किलो शाडू आणा. गणपतीच्या दिवसांत कुठेही मिळतो. नसेल तर घट्ट मळलेली कणीकही चालते. साडेचार इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि दीड इंच उंच अशी त्याची वीट करा, टेबलावर ठेवा आणि पेपर मारताना धराल तशी धरून पुढे-मागे हलका जोर द्या. दाबून आकार करायचा नाही, फक्त काम करतोय असं समजून धरायचं. हात उचलून नीट बघा. तळव्याची गादी कुठे टेकली, अंगठा बाजूला किती खाली गेला, बोटांची पेरं कुठे रुतली, हे सगळं त्या मातीवर उमटलेलं असतं. बहुतेकांच्या हाताला वरची बाजू कासवाच्या पाठीसारखी लागते, मधे फुगीर आणि चारी बाजूंनी उतरती. बोटांच्या टोकांपासून टेबलापर्यंत निदान दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जागा उरायला हवी. उरली नाही तर काम करताना नखं फळीवर घासणार, म्हणजे तुमचा ठोकळा बसका होतोय. मापं माती ओली असतानाच कागदावर उतरवून ठेवा, कारण शाडू वाळताना आकसतो. तो गोळा मोडू नका. लाकूड तासताना समोर ठेवायला तोच नमुना.

हे दोन्ही हातांनी करून बघा. मोठं काम असलं की हात बदलावा लागतोच, म्हणून डावी-उजवी बाजू सारखी असलेला ठोकळा मला एका हाताला घट्ट बसणाऱ्या ठोकळ्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

आता पेपर, कारण ठोकळ्याचं माप हाताइतकंच पेपरही ठरवतो. पॉलिश पेपरचा पूर्ण ताव ९ बाय ११ इंचाचा असतो. त्याचे चार सारखे तुकडे केले की एक तुकडा साडेचार बाय साडेपाच. ठोकळ्याची लांबी साडेचार धरली तर साडेपाच इंचाची बाजू त्याला आडवी गुंडाळता येते: पावणेतीन इंच तळाला, आणि दोन्हीकडे वर चढायला एक इंच तीन सूत. तावाचा कपटाही वाया जात नाही, आणि बाजूंवर चढलेला पेपर बोटांनीच दाबून धरला जातो. खाच पाडून त्यात पाचर ठोकायची किंवा तळाला वेल्क्रो लावायचं, असेही प्रकार आहेत. मी पाचरेचा ठोकळा करून पाहिला. पेपर बदलायला वेळ लागतो, म्हणून माणूस झिजलेल्या पेपरनेच घासत राहतो आणि जोर वाढवत जातो. बोटांनी धरलेला पेपर पाच सेकंदांत बदलतो. हात लहान असेल तर तळ अडीच इंच आणि बाजू दीड-दीड इंच घ्या. बेरीज तीच साडेपाच. बायकोसाठी केलेला ठोकळा या मापाचा आहे, आणि ती माझ्या ठोकळ्याला हात लावत नाही.

दुकानात लाकडासाठीचा पेपर म्हणून स्पष्ट सांगा. काळा वॉटर पेपर आणि कापडी पाठीचा एमरी पेपर ही वेगळ्या कामांची मंडळी आहेत. ८०, १२०, १८० आणि २२० नंबरचे दोन-दोन ताव पुरतात. नंबर वाढतो तसा दाणा बारीक होतो, हे नवख्याने पाठच करावं. जुने सुतार अजून काचपेपर म्हणतात ते उगीच नाही. पूर्वी कागदावर खरोखर काचेची पूड चिकटवलेली असायची. आज लाकडाच्या पेपरवर बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे असतात. आणि कागदाच्याही आधी झाडाचं पान होतंच: आपल्याकडच्या खरवताची पानं इतकी खरखरीत असतात की त्यांनी लाकूड घासून साफ करत. पानाची पाठ एकदा गालाला लावून बघा, विश्वास बसेल.

ताव फाडायची सोय आधीच करून ठेवा. कात्रीने कापलात तर कात्रीची धार गेली म्हणून समजा. फूट-सव्वा फूट फळीवर हॅकसॉचं १२ इंची पातं दोन स्क्रूंनी बसवा, दात फळीच्या कडेकडे, आणि खाली एकेक वॉशर घाला म्हणजे पातं फळीपासून जरा उचललेलं राहील. पात्यापासून साडेचार आणि साडेपाच इंचांवर पेन्सिलीने दोन रेघा मारा. ताव पात्याखालून सरकवायचा, रेघेला लावायचा आणि वर ओढायचा, सरळ फाटतो. फाडण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर नंबर लिहा. छापलेला नंबर तावावर थोड्या थोड्या अंतरानेच असतो, आणि चतकोरावर तो नेमका येईलच असं नाही. १२० आणि १८० हातात घेऊन ओळखता येतात असं मलाही वाटायचं.

लाकूड फार शोधू नका. साडेचार इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक इंच तीन सूत जाड असा तुकडा सुताराकडच्या तुकड्यांच्या ढिगात मिळतोच. तो सुका असावा, गाठ नसावी, भेग नसावी, आणि रेषा लांबीच्या दिशेने जाव्यात. या मापाचा सागवानी तुकडा साधारण १८० ग्रॅम भरतो, शिसमाचा सव्वादोनशेच्या आसपास, पॅकिंगच्या पाइनचा १३० च्या घरात. आडव्या फळीवर जड ठोकळा कामाचा, कारण त्याचं वजनच थोडा दाब देतं आणि हाताने जोर द्यावा लागत नाही. दारं, कपाटाच्या बाजू असं उभं काम जास्त असेल तर हलकाच घ्या. तिथे ते वजन मनगटाला पेलावं लागतं. मला सागवान दोन्हीकडे चालतो. इतका जाड तुकडा मिळाला नाही तर १९ मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवा, पण प्लायच्या कडांच्या कुसळी निघतात, त्या आधी बारीक पेपरने मारून टाका.

तळाला कॉर्क हवाच. नुसत्या लाकडावर पेपर गुंडाळला आणि त्याखाली धुळीचा एक कण अडकला, तर त्या जागी पेपर उचलला जातो आणि फळीवर खोल ओरखडा पडतो. तेवढाच पेपर आधी झिजतो. कॉर्क तो कण पोटात घेतो. तो अंगाने घट्ट, बारीक दाण्याचा आणि साधारण दीड सूत जाडीचा बघा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गॅस्केटसाठी जो कॉर्क मिळतो तो उत्तम. नोटीस बोर्डाचा भुसभुशीत कॉर्क नको, त्याचे दाणे सुटतात. हवाई चपलेचा तळवा लावायचा सल्ला तुम्हाला पुष्कळजण देतील. मी लावून पाहिला आहे. तो फारच मऊ पडतो, ठोकळा फळीच्या कडेवरून जाताना खाली कलतो आणि कडा गोल करून टाकतो. गोलाईच्या कामाला चप्पल ठेवा, सपाट फळीला नको.

चिकटवायला पांढरा फेविकॉल घ्या. चांभाराचं सोल्युशन लवकर धरतं, पण टेकवला की कॉर्क हलवता येत नाही, आणि थर कुठे जाड कुठे पातळ राहिला तर तळ तेवढाच उंचसखल होतो. कॉर्क चारी बाजूंनी सूतभर मोठा कापा, लाकडावर फेविकॉलचा पातळ सारखा थर द्या, खाली-वर प्लॅस्टिकचा कागद घालून दोन सपाट फळ्यांमध्ये रात्रभर ठेवा. दोन शिकंजे (क्लॅम्प) लागतील; नसतील तर पाण्याची भरलेली कळशी किंवा पाट्याचा दगड. शिकंजा ताकदीने आवळू नका, कॉर्क एका बाजूला चेपतो. वाढलेली कड सकाळी धारदार कटरने कापायची.

सपाटीसाठी मार्बलच्या दुकानातून ओट्याच्या ग्रॅनाइटचा वाया गेलेला तुकडा मागून आणा, फूटभर लांब असला की झालं. पॉलिश केलेल्या बाजूवर ८० नंबरचा अख्खा ताव कडेकडेने टेप लावून ताणून बसवायचा. कॉर्कवर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढायची आणि ठोकळा तावावर फिरवायचा. सगळ्या रेघा गेल्या म्हणजे तळ सपाट. एका कोपऱ्यातल्या रेघा राहिल्या तर तो कोपरा खोल आहे; तिथे जोर देऊ नका, बाकीचा तळ त्याच्या पातळीला येऊ द्या. या कामात घाई केली तर पुढे प्रत्येक फळीवर तो दोष उतरतो.

हत्यारं थोडकीच: बारीक दातांची करवत, काटकोन बघायचा गुण्या, पेन्सिल, रंधा असेल तर रंधा, चपटी आणि गोल कानस. गोल कानस विसरू नका. तळापासून इंचभर उंचीवर दोन्ही लांब बाजूंना तिने सूतभर खोल पन्हळ पाडायची आहे. पेपर वर चढून त्या पन्हळीत दाबला जातो आणि बोटांच्या पेरांना तिथे बूड मिळतं. पन्हळ नसेल तर पेपर निसटू नये म्हणून बोटं सतत आवळलेली राहतात, आणि अंगठ्याचं दुखणं तिथूनच सुरू होतं. तळाच्या दोन लांब कडा अर्धा सूत मोडून घ्यायच्या, नाहीतर पेपर घडीवर चिरतो. पुढच्या-मागच्या आखूड कडा मात्र तशाच टोकदार ठेवायच्या, कोपऱ्यापर्यंत पोचायला त्याच लागतात.

जागा उजेडाची निवडा, खिडकी एका बाजूला येईल अशी. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये चर दिसत नाहीत. टेबल कोपरापेक्षा बरंच खाली असावं, म्हणजे मनगट वाकत नाही आणि जोर खांद्यातून येतो. फळीखाली जुन्या गोधडीचा तुकडा टाका, ती सरकणार नाही.

मास्क आधी आणून ठेवा, एन९५. रुमाल पुरत नाही. सागवान आणि शिसम यांच्या धुळीने कित्येकांना शिंका येतात, अंगावर पुरळ उठतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. घरात लहान मुलं असतील तर हे काम गच्चीवर किंवा अंगणात करा, आणि धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ठोकळ्याला पॉलिश लावायचा मोह आवरा, घामेजलेल्या हातात तो निसरडा होतो. वरच्या भागाला जवसाच्या तेलाचा एक हात पुरे, बाजूंना आणि कॉर्कला तेल लागू द्यायचं नाही. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. उघड्यावर एकपदरी पसरून पूर्ण वाळू द्या. फाडलेले पेपर झाकणाच्या डब्यात आडवे ठेवा. पावसाळ्यात ते ओल धरतात, लुळे पडतात आणि घडीवर फाटतात.

आणि एक फूटभर टाकाऊ फळी, तीही सागवानीच, बाजूला काढून ठेवा. आकार जवळपास झाला की तेल लावण्याआधी ठोकळ्याला १२० चा पेपर चढवायचा आणि त्या फळीवर न थांबता दहा मिनिटं मारायचा. मग तळहात उलटा करून बघायचा. जिथे कातडी लाल झालीय, तिथे ठोकळ्यावर पेन्सिलीने खूण करा आणि कानस फक्त तिथेच फिरवा. माझ्या ठोकळ्याला तीनदा असं करावं लागलं. तिसऱ्यांदा लाल झालेली जागा करंगळीखालची होती, तांदळाच्या दाण्याएवढी.